तळ्याची होडी, समुद्राची लाट

मित्रांनो, या पत्र्याच्या शेडमध्ये दोन चाकी गाड्यावर जी बसून आहे ना, ती शिडाची होडी मी. आता माझ्या अंगाला वारा लागत नाही. लागलेच तर उंदीर लागतात.

मोटारीमागे जोडून कुठेही नेता यावे म्हणून मला हलकी घडवली. पोटाखाली जड लोखंडी पाते दिले. गाड्यावर असताना ते पोटातल्या खाचेत राहते. पाण्यात ते खाली सोडून, परत वर सरकू नये म्हणून खीळ घातली की झाले. वाऱ्याने कितीही कलले तरी मी पुन्हा सरळ होते.

माझी मालकीण, ताई, वेल्डिंग करायची. तिचा धाकटा भाऊ औषधांच्या दुकानात. सुट्टी लागली की दोघे मला तळ्यावर न्यायचे. "पाखरासारखी जाते बघ!" ताई म्हणायची. ते कौतुकच नडले.

"तळ्यात किती वर्षं गोल गोल फिरायचं?" भाऊ म्हणाला, आणि मला समुद्रात नेले.

किनारा दिसेनासा झाला तसा वारा पिसाळला. शीड उतरवून दोघे माझ्या इवल्याशा खोलीत शिरले, दार लावून बसले. तेवढ्यात एका लाटेने मला पालथे घातले. पाते घसरून खाचेत गेले आणि मी तशीच राहिले, पोट आभाळाकडे. गाद्या, डबे, दोर दारावर येऊन बसले. दार उघडेना. अंधार, आणि छातीपर्यंत पाणी.

"खीळ घातली होतीस ना?"

"मला वाटलं, तू घातलीस, ताई."

"आणि मला वाटलं, तू!"

पुढे भांडायला हवा तरी कुठे होती? दोन जीव माझ्यात कोंडले होते आणि मला कूसही बदलता येत नव्हती. होडीला याहून मोठी लाज नाही.

ताईने चाचपडत खोलीच्या तळातले, आता डोक्यावर आलेले खाचेचे झाकण काढले. तिथून आतली हवा सुसाट निघाली. पाणी गळ्याशी आले.

"ढकल! आता नाही तर कधीच नाही!"

भावाने वल्ह्याने पाते वर रेटले. ताईने खीळ ठोकली. पुढची लाट पात्यावर आदळली आणि मी करकरत सरळ झाले. दारावरचे सामान ढासळले. झाकण घट्ट बसवून दोघे खोकत बाहेर आले, पातेल्याने पाणी उपसत राहिले. शेवटी मासेमारीच्या एका लाँचने आम्हाला ओढून किनाऱ्याला आणले.

तेव्हापासून मी इथे आहे. ताई कधीतरी शेडचे दार किलकिले करते, मला बघते आणि लावून घेते.

मित्रांनो, लहान जिवावर मोठा समुद्र लादू नका. पण एकदा जीव घाबरला म्हणून त्याला जन्मभर कोंडूही नका. तळे अजून आहे तिथेच आहे. मला तेवढे पुरते.