पोकळ चेहरा

प्लास्टरचे मुखवटे ओतणारं ते घर. सकाळीच दादाने पुढची खोली झाडली, आईने पडदे बदलले आणि धाकटीच्या हातात दुधाचा पेला दिला.

"ताईला पाज. पाहुणे यायच्या आत."

पेल्यात काय आहे, हे धाकटीला ठाऊक होतं. कुणी येणार म्हटलं की दादा दुधात गांजा घोटायचा, थोरल्या ताईला पाजायचा आणि मागच्या खोलीला कडी घालायचा. ताई गप्प पडायची, घराची अब्रू राहायची. चुलीत घाला असली अब्रू!

ताईला स्किझोफ्रेनिया होता. भिंती हलताना दिसायच्या, ओळखीच्या तोंडांचे तुकडे व्हायचे. धाकटीने गुपचूप डॉक्टरीणबाईंना गाठलं तेव्हा त्या कडाडल्या होत्या. "अगं, गांजात असतं तसलं द्रव्य आपला मेंदू स्वतःच बनवतो. डोळ्यांनी टिपलेल्याचा अर्थ लावण्यात त्याचाही हात असतो. या आजारात ती घडी विस्कटलेली असते, असं दिसतंय. त्यात वरून गांजा? आगीत तेल ओतताय! तिला औषध द्या, कडी नको."

घरी सांगितलं तर दादा हसला. "आली मोठी शहाणी! औषध आणताना कुणी पाहिलं, तर तुझं लग्न बोंबललं." आईने खाली मान घालून दुधाचं पातेलं चुलीवर चढवलं. धाकटीला तेच जास्त झोंबलं.

आज तिने पेला फडताळात ठेवून दिला.

धाकटीला बघायला पाहुणे आले. मुलाची आई समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "काय गोड मुखवटा! आत्ता बोलेल असं वाटतं."

"हात लावून बघा, काकू."

बाईंनी हात लावला. नाक सापडेना, बोटं आत गेली. तो मुखवटा नव्हताच, खोलगट साचा होता. "अगंबाई! मग फुगीर कसा दिसला?"

"सगळेच फसतात. मेंदूला चेहऱ्यांची इतकी सवय, की खड्ड्याचाही चेहरा करतो. माझ्या ताईला मात्र खड्डाच दिसतो. मनाच्या आजारामुळे इथे ती फसत नाही."

"ताई?" मुलगा दादाकडे वळला. "तुम्ही तर दोघंच भावंडं म्हणालात!"

"ती... लांबची आहे," दादा चाचरला.

"एका कडीइतकी लांब." धाकटीने पेला आणून त्याच्यापुढे आदळला. "पी, दादा."

"मला दूध सोसत नाही."

"ताईला बरं सोसतं! पी की, दूधच आहे ना?"

दादाचा हात उठेना. मुलाच्या आईने पेला हुंगला आणि झटकन खाली ठेवला. "चल रे," ती मुलाला म्हणाली.

"स्वतःच्या हाताने लग्न मोडलंस!" दादा ओरडला.

"तू ताईला पाजून मांडलेलं लग्न, मोडलं तर मोडलं." धाकटीने कडी काढली. ताई उजेडाला डोळे मिचकावत बाहेर आली. "चल ताई, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

"मागच्या दाराने तरी ने!"

"आजवर मागेच ठेवलीत तिला."

आईने ताईच्या चपला आणून ठेवल्या. धाकटीने आईकडे बघितलंसुद्धा नाही.

उंबऱ्यात मुलाची आई घुटमळत उभी होती. मुलगा पुढे गेल्याचं पाहून ती कुजबुजली, "त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात गं? आमच्याकडे... माझा धाकटा दीर..."

धाकटीने ताईचा हात घट्ट धरला.

"मोठ्याने विचारा, काकू. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे. मग सांगते."