हंसध्वनीतला हुंदका

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी संगीत शिकवते आणि दरवर्षी पेपरात एक प्रश्न हमखास घालते. राग आणि रस यांचा संबंध सोदाहरण स्पष्ट करा, दहा गुण. पोरं पोपटासारखं पाठ करून लिहितात. मारवा म्हणजे हुरहुर, अडाणा म्हणजे वीररस, हंसध्वनी म्हणजे मंगल आणि आनंद. मी निमूट गुण देते, पण हंसध्वनीशी आले की माझा लाल पेन जरा अडतो. मी जिथे गाणं शिकले, तिथे हंसध्वनी फक्त माणूस मेल्यावर गायचे.

ते गाव सावली या तालुक्याच्या ठिकाणापासून आठ-नऊ किलोमीटरवर, धानाच्या बांध्यांमध्ये. मुखरूभाऊ माझे पहिले गुरू. शेती करायचे आणि भजनात, दंडारीच्या खेळात पेटी वाजवायचे. आमचं घर बौद्ध वस्तीत, त्यांचं गावाच्या दुसऱ्या टोकाला. माझे वडील मला घेऊन गेले तेव्हा भाऊंनी मला ओट्यावर नाही, थेट आत पेटीजवळ बसवलं. त्यांची बायको रंभाबाई चुलीपाशी असायची. माझा सूर चुकला की ती नवऱ्याला म्हणायची, पोरीले आधी चहा दे, मग रागाव.

भाऊंचं सगळं शास्त्रीय संगीत एका कॅसेटमधून आलेलं. चाळीसेक वर्षांपूर्वी वनखात्यातले एक साहेब बदलीवर जाताना जुना टेपरेकॉर्डर त्यांना देऊन गेले. आत एक कॅसेट होती, वरचा कागद निघून गेलेली. कोण गातं, काय गातं, कशाचा पत्ता नाही. गावात तेव्हा वीज नव्हती आणि आतले सेल मरायला टेकलेले. भाऊ ते सेल दिवसभर छपराच्या कवेलूंवर उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी दहा मिनिटं टेप ऐकायचे. असा महिना गेला. शेवटी सावलीच्या बाजारातून नवे सेल आणले, तर त्याच दिवशी यंत्रानं कॅसेटची फीत गुंडाळून खाऊन टाकली. तोवर त्यातला तराणा भाऊंना तोंडपाठ झाला होता.

तराण्यात अर्थाचे शब्द नसतात. तोम, तनन, देरेना असे बोल असतात आणि ते सुरांत खेळवायचे असतात. पुस्तकं म्हणतात, तराणा म्हणजे द्रुत लयीची चपळाई. भाऊंचा तराणा मात्र भरल्या बैलगाडीच्या चालीनं जायचा आणि त्यांचा सा इतका खाली की माझ्या पोरसवदा गळ्याला तिथवर पोचताच यायचं नाही. तिसऱ्या आवर्तनात, वरच्या ‘सा’वरून उतरताना, एक हुंदका होता. तीन झटक्यांचा, खराखुरा हुंदका. टेपवरचा वस्ताद तिथे रडला, असं भाऊ कानाची पाळी धरून सांगायचे. आम्ही शिष्यही तो घोटून घोटून शिकलो.

शेजारचा वारलू गेला तेव्हा त्याच्या तेरवीला भाऊंनी तो तराणा पहिल्यांदा गायला. वारलूची बायको सोमारी तेरा दिवस दगडासारखी बसून होती, डोळ्यांतून टिपूस नाही. हुंदका आला आणि ती मोकळी झाली. तेव्हापासून रिवाजच पडला. भाऊंच्या तराण्याशिवाय गावात तेरवी उरकत नाही, आणि त्या जागेवर सगळं गाव रडून घेतं. माझे आजोबा गेले तेव्हा आमच्या वस्तीतल्या पुण्यानुमोदनाला, वंदना झाल्यावर, भाऊ येऊन बसले होते. भिक्खूंनीही डोळे पुसलेले मी पाहिलेत.

पुढे मी नागपूरला एम.ए. करायला गेले आणि मोठ्या हौसेनं तोच तराणा गुरुजींना ऐकवला. त्यांनी तंबोरा खाली ठेवला. हंसध्वनी दक्षिणेतून उत्तरेत आलेला शुभ राग, कार्यारंभाला गातात, त्यात रडायला काय झालं, असं म्हणून ते हसले आणि वर्गही हसला. माझ्या गळ्यातून तो हुंदका काढायला त्यांना दोन वर्षं लागली. मला त्यांचा राग आला होता आणि खोटं कशाला बोलू, भाऊंचाही आला होता. असं कसं चुकीचं शिकवलं, हे मी कित्येक वर्षं मनात धरून बसले होते.

यंदा एका दुपारी कॉलेजच्या व्हरांड्यातून जाताना मला मुखरूभाऊंचा आवाज ऐकू आला. तोच सा, तीच चाल. वर्गात डोकावले, तर दिव्यानी नावाची माझी विद्यार्थिनी फोनवर गाणं लावून बसलेली. वर्गात फोन दिसला की माझं डोकं फिरतं, पण त्या दिवशी मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. ती घाबरून सांगू लागली की कुणी नीलाबाई म्हणून जुन्या गायिका होत्या, त्यांचा तराणा आहे, ताना समजाव्यात म्हणून गती निम्मी केली आहे, गती कमी केली की सूरही खाली जातो. मग तिनं गती पूर्ववत केली. एक बाई, पांढरी पाचच्या उंच पट्टीत, धावत्या झऱ्यासारखा हंसध्वनी गात होती. तिसऱ्या आवर्तनात तबलजीनं काहीतरी खोडी केली असावी, कारण वरच्या ‘सा’वरून उतरता उतरता ती खुदकन हसली. तीन झटक्यांचं हसू.

मी तिथेच बाकावर बसले. मेलेल्या सेलांनी टेप निम्म्या गतीनं फिरवून बाईचा पुरुष केला होता, द्रुत लयीची विलंबित केली होती आणि हसण्याचा हुंदका केला होता. चाळीस वर्षं एक अख्खं गाव एका बाईच्या हसण्यावर रडत होतं. हे भाऊंना मरेपर्यंत कळू द्यायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

दोन आठवडे गेले आणि भाऊंच्या मुलाचा, प्रवीणचा, फोन आला. रंभाबाई गेली होती. परीक्षा चालू होत्या म्हणून मला आधी कळवलं नव्हतं, उद्या तेरवी. आणि भाऊ गाणार नाही म्हणून अडून बसले आहेत, तुमचं ऐकतील तर बघा, असं तो म्हणाला.

सकाळच्या बसनं गेले. मांडवात भात शिजत होता, पाहुणे बसले होते, आणि भाऊ आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले. पेटीवर कापड टाकलेलं. मी पाया पडले, जवळ बसले.  गावातली माणसं वाट बघताहेत, असं मी म्हटलं, तेव्हा ते बोलले.

"तेरा दिवस झाले, मले रडू नाई आलं. मनात सारखा तो वस्तादचाच हुंदका येऊन राह्यला. लोकाईच्या मयतीत त्याचा हुंदका चालून गेला. पन रंभासाठी मी दुसऱ्याचं रडनं कसं आनू, नंदिनी? मले माहं सोताचं सापडूनच नाई राह्यलं."

 मी ठरवून आले होते ते सगळं डगमगलं. सांगितलं तर म्हाताऱ्याच्या आयुष्यभराच्या गाण्याची माती होईल, नाही सांगितलं तर तो आपल्याच बायकोसाठी मुका राहील. मी पर्स उघडली. मग फोन काढला आणि म्हटलं, भाऊ, एक ऐका, आणि ऐकून झाल्यावर मला शिव्या द्या.

आधी मूळ लावलं. भाऊ कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. बाई बरी गाते, पण घाई किती करते, असं ते पुटपुटले. मग मी गती निम्मी केली. दुसऱ्याच बोलाला त्यांचा हात कानाच्या पाळीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. हुंदका आला. मी पुन्हा मूळ लावलं, आणि त्या जागेवर नीलाबाई हसल्या. मी सेलांचं काही समजावून सांगितलं नाही. त्यांचे तेच वर कवेलूंकडे बघायला लागले.

पुन्हा लाव म्हणाले. मी लावलं. चार वेळा लावलं. मला वाटलं आता हे कोसळणार, आणि मला स्वतःचा संताप आला.

"हे हासनं व्हय," ते म्हणाले.

"हो भाऊ."

"म्हंजे वस्ताद रडलाच नाई कधी."

"नाही."

बाहेर कुणीतरी पंगतीसाठी हाका मारत होतं. भाऊ हाताच्या पालथ्या बाजूनं पेटीवरचं कापड सरळ करत होते.

"मंग चाळीस वर्सं कोन रडत होतं, नंदिनी?"

 त्यांना उत्तर माझ्याकडून नकोच होतं. त्यांनी प्रवीणला हाक मारली आणि पेटी मांडवात न्यायला सांगितली.

मांडवात माणसं पेटीभोवती सरकली. भाऊंनी तोच खालचा सा लावला आणि त्याच चालीनं तराणा धरला, जरासुद्धा घाई केली नाही. पहिलं आवर्तन झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात ते वरच्या ‘सा’वर गेले, उतरायला लागले, आणि हुंदका आला. तो तीन झटक्यांचा नव्हता. तो थांबेचना. भाता धरलेला हात सुटला, पेटी मिटत गेली आणि भाऊ तिच्यावर डोकं टेकून रडायला लागले.

तेरवीत त्यांच्यासोबत गायला गावात आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं. गाणं त्यांचं आणि रडणं आपलं, अशी वाटणी होती. पण भात शिजवलेल्या गंजापाशी उभ्या असलेल्या एका बाईनं, हातातला झारा तसाच धरून, पुढचा तोम उचलला. तिच्या बाजूच्या दोघींनी तनन म्हणत साथ दिली. मग पुरुष, मग आमच्या वस्तीतून आलेली माणसं. कुणाचा सूर कुठे, कुणाचा कुठे, पण एकही बोल चुकला नाही. इतक्या तेरव्या ऐकून तो साऱ्यांना पाठ झाला होता, हे त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. माझा गळा नागपूरला स्वच्छ करून घेतलेला, तरी मीही त्यांच्यात मिसळले आणि मलाही हुंदका आवरला नाही. भाऊंनी डोकं वर केलं नाही. रंभाबाईचा तराणा गावानं शेवटपर्यंत नेला.