सतराव्या किलोमीटरचा जोड

सकाळपासून मामांचा पाय एका जागी ठरत नव्हता. चौथा चहाही निम्मा तसाच राहिला. तीस वर्षं फायबरचे काचेचे तंतू जोडण्यात गेली, कामावर सगळेच त्यांना मामा म्हणत. सख्खी भाची मात्र एकच, आणि नेमकी तीच आज मापयंत्र घेऊन समोर बसली होती.

जुन्याच फायबरमधून आता दुप्पट माहिती न्यायची होती. नवी केबल टाकायची नाही, फक्त प्रकाशाचे आणखी काही रंग सोडायचे. जुने रंग सुखरूप पोचत होते. नवे वाटेतच गळत होते.

"सतराव्या किलोमीटरवर गळती आहे," भाची म्हणाली. "तिथली जोडाची पेटी उघडू."

"आधी यंत्र तर तपास."

"दोनदा तपासलं."

तो जोड मामांचाच होता. फायबर मुठीपेक्षा लहान गुंडाळायचं नाही, हे त्यांनी कितीजणांच्या डोक्यात बसवलं होतं. पण वीस वर्षांपूर्वी त्या पेटीपाशी फोन आला, ताई शेवटच्या घटका मोजतेय. मामांनी फायबर कसंबसं कोंबलं, झाकण दाबलं आणि धूम ठोकली. तरी ताई भेटली नाहीच. उशीर का, असं कुणी विचारलं तेव्हा ते ताठ मानेनं म्हणाले, "काम नीट संपवल्याशिवाय निघता येत नाही." काम बिघडवून आलो, हे सांगायला जीभ रेटेना. ताईची सात वर्षांची पोर ते ऐकत उभी होती. तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोले.

रस्त्याकडेच्या खड्ड्यातली पेटी उघडली. आत लिंबाएवढं घट्ट वेटोळं होतं.

"जुने रंग एवढ्या वळणातून निभावून गेले," भाची म्हणाली. "नव्यांच्या लहरी लांब, ते बाहेर सांडतायत. कुणी केलंय हे?"

काम हाती घेतानाच झाकणाच्या आत सही आणि तारीख टाकायची मामांची सवय. भाचीनं तारीख वाचली. तिची आई गेली तोच दिवस.

"जोडणाऱ्याचा हलगर्जीपणा, असं लिही," मामा म्हणाले.

तिनं काही लिहिलं नाही. "काम नीट संपवून आलो म्हणाला होतास तू."

"खोटं बोललो. हात थरथरत होते गं. एवढं करूनही उशीर झालाच."

भाचीनं वेटोळं सोडवलं आणि फायबर सैल गुंडाळायला घेतलं. शेवटचा वेढा काही तिला जमेना.

"तूच घाल, मामा," ती म्हणाली. "आता माझे थरथरतायत."