डॉक्टरांच्या आईचा नंबर

वर्षभरात कोणता रुग्ण किती वेळा आला, ते डॉक्टर लेसिबा सेरोका नव्या सॉफ्टवेअरवर बघत होते. पोलोक्वाने शहरातल्या त्यांच्या दवाखान्याची सरासरी निघाली चार. सगळ्यांत वर नाव होतं त्यांच्याच आईचं, बारा वेळा.

"मापुलाताई, काहीतरी भलतंच टिपता तुम्ही," ते काउंटरवरच्या बाईंवर उखडले. "आई एकदाही माझ्याकडे तपासायला आलेली नाही."

"दारात पाऊल ठेवलं की 'आले' म्हणून टिपायचं, हे तुम्हीच सांगितलंत," मापुलाताई फणकारल्या. "त्या दर महिन्याला येतात. बाकावर बसतात. तुमचं दार उघडलं की तुम्हाला डोळे भरून बघून घेतात. नंबर आला की पाळी मागच्याला देतात आणि घरी जातात."

डॉक्टरांनी विचारलं, "आता कधी येणार आहे?"

"उद्या नऊला."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते बाहेर आले आणि आईशेजारी बाकावर टेकले. आईने आधी त्यांची कॉलर सारखी केली.

"इथे काय बसलास, लेसिबा? लोक खोळंबलेत ना."

"बसू दे गं. माझी पाळी मी मागच्याला दिलीय."