विरजणाची माळ

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास चुकतो. कुणाला मी गळ्यात घालायचा दागिना वाटते, कुणाला दारावर टांगायचं तोरण. एका पाहुणीने तर मला चुंबळ समजून माझ्यावर सुपाचं गरम पातेलं ठेवलं होतं. म्हणून आधीच सांगून टाकते. मी एक जुनी लाकडी माळ आहे आणि माझं काम विरजण सांभाळायचं. दह्याचं नव्हे बरं का, बियरचं.

दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, वोस गावाच्या वरच्या अंगाला दरी जिथे अरुंद होत जाते, तिथल्या एका शेतावर माझा जन्म झाला. बर्फाने दार अर्धं बुजलं होतं आणि आमच्या घरधन्याच्या, मोन्सच्या, पणजोबांना हात स्वस्थ ठेवणं काही जमत नव्हतं. त्यांनी बर्चच्या लाकडाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे तासले, त्यांना खाचा पाडल्या आणि एकात एक अडकवत अडकवत मला गोल पूर्ण केलं. खिळा नाही, दोरा नाही, डिंक नाही. हातात घेतलं की मी खुळखुळते. माझ्या अंगात इतक्या फटी आहेत की आत शिरलेली मुंगी संध्याकाळपर्यंत बाहेर येणार नाही. या फटी म्हणजेच मी. गुळगुळीत असते तर कुणाच्याच कामाची नव्हते.

आमच्याकडे सातूला मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात भिजवतात. त्यातून गोड रस निघतो. तो चूलघरातल्या तांब्याच्या हंड्यात लालसर होईपर्यंत उकळायचा आणि लाकडी पिंपात ओतून निववायचा. बाळाच्या आंघोळीच्या पाण्याइतका कोमट झाला की मला आत सोडायचे. माझ्या फटींत वाळून झोपलेलं विरजण जागं व्हायचं आणि सकाळपर्यंत पिंपावर जाड, पिवळसर फेस चढायचा. मग मला त्याच फेसात घोळवून कोठारातल्या खुंटीला टांगायचे. मी वाळले की विरजण पुन्हा झोपायचं, पुढच्या नाताळापर्यंत, नाहीतर कुणाच्या लग्नापर्यंत.

मला पिंपात सोडताना घरातल्या सगळ्यांनी जोरात ओरडायचं, ही आमची रीत. कुणी बैलासारखं, कुणी कोंबड्यासारखं. तोंड पाडून विरजण घातलं तर बियरही रुसून बसते, असा सगळ्यांचा पक्का समज. त्या आरोळ्या ऐकून शेजारीपाजारी समजायचे की मोन्सकडे बियर लागली.

आणि मग यायचे ना सगळे! कारण आमचं विरजण दरीत नावाजलेलं. संत्र्याच्या सालीसारखा वास, आणि कधी दगा द्यायचं नाही. नदीपलीकडच्या ब्रिताचं पिंप एकदा आंबून गेलं, तेव्हा ती बरणी घेऊन दारात उभी राहिली.

"मोन्स, थोडं विरजण देतोस का?"

"विचारतेस काय, ने की. पण बरणी धुतलीयेस ना? नाहीतर बियरला तुझ्या हेरिंग माशाच्या लोणच्याचा वास यायचा."

"तुझ्या बियरपेक्षा माझं लोणचं बरं असतं," ब्रिता म्हणाली, आणि बरणी काठोकाठ भरून घेऊन गेली.

असे कितीजण आले, कितीजण घेऊन गेले. मला केवढा अभिमान वाटायचा. साऱ्या दरीतल्या पिंपांत माझंच लेकरू फसफसत होतं.

पुढे मोन्सची बायको गेली. मुलगा हाल्वार बर्गनला नोकरीला लागला, मुलगी गुरो फेरीबोटीवर कामाला गेली. मोन्सचे गुडघे कुरकुरू लागले. आधी बारशा-लग्नाची बियर थांबली, मग नाताळचीही. मी खुंटीवर तशीच. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या मधोमध घर केलं. पण मित्रांनो, मी दुःखी नव्हते. माझ्या फटींत ती तपकिरी खपली शाबूत होती, आणि तिच्यात जीव होता. मला तो कळायचा.

मग मोन्सच्या फुप्फुसांनी हात टेकले. इस्पितळाने त्याला घरी पाठवलं, आणि गुरो बोट सोडून त्याच्या उशाशी येऊन बसली.

आमच्याकडे माणसाला पुरून आले की सगळे त्याच्या घरी जेवायला बसतात आणि त्याच्या नावाने बियर पितात. निरोपाची बियर. ती त्याच्या घरची असली तर त्याला घरातून निरोप मिळाला म्हणायचं. मोन्सने आयुष्यात एवढं एकच मागणं मागितलं. आपल्या निरोपाला आपल्या विरजणाची बियर हवी.

"तू कर," तो गुरोला म्हणाला. "आणि मी आहे तोवरच कर. मला चव बघू दे, म्हणजे मागाहून तुझी चूक काढायला मी नाही याचं मला वाईट वाटणार नाही."

गुरोने कधीच बियर केली नव्हती. लहानपणी बियरच्या दिवशी तिला वासरांकडे पाठवत. चूलघरात बसायचं ते हाल्वारने, आणि हाल्वारचं लक्ष असायचं खिडकीबाहेर. पण आता ती हो म्हणाली, आणि भावाला फोन करून सामान आण म्हणाली.

हाल्वारने मोटारीतून एक चकचकीत स्टीलचं भांडं आणलं. त्याला बटणं होती.

"हे काय?" मोन्सने अंथरुणातून मान वर केली.

"बियरचं भांडं, बाबा. किती तापलं ते स्वतः मोजतं. वेळ झाली की शिटी देतं."

"आणि यात बसून चंद्रावर कधी निघायचं?"

"चेष्टा करा. तुमचा तांब्याचा हंडा दोन माणसांशिवाय हलत नाही. ही एकटी उचलेल का?"

मोन्सने भांड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "हे मात्र बरोबर बोललास. गुरो, ऐक. नव्या माणसाने मोठ्या भांड्याच्या नादी लागू नये. भरल्यावर जे आपल्याला हलवता येईल ते आपलं. झाकण घट्ट बसायला हवं. खाली तोटी असेल तर पाठ वाचते. आणि कोठारातली ती प्लॅस्टिकची बादली नको, तिच्यात ओरखडे पडलेत. ओरखड्यात घाण लपते, किती घासलं तरी निघत नाही, आणि सगळं आंबवून ठेवते. बाकी तांबं असो की स्टील, बियरला त्याचं काही नाही."

"आणि हे?" हाल्वारने खिशातून यीस्टचं, म्हणजे दुकानातल्या तयार विरजणाचं, पाकीट काढलं.

"ते तुझ्या खिशातच राहू दे. भांडं कुणाचंही चालेल, विरजण आपलं. माझ्या निरोपाला पाकिटातलं वाढलंत तर शवपेटीतून उठून बसेन, आणि पाद्रीबाबांसमोर तुझंच नाव घेईन."

हाल्वारने हसत पाकीट आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गुरो कामाला लागली. चूलघरातून बाबांकडे, बाबांकडून चूलघरात, नुसती धावपळ. रस स्टीलच्या भांड्यात उकळायचा, पण पिंप मात्र जुनंच लाकडी. मोन्सला बोलताना धाप लागत होती, म्हणून तो तोडून तोडून सांगत होता.

"जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या पाण्यात उकळ. ते पाणी कढत असतानाच लाकडावर ओत. पिंप, पळी, दट्ट्या. एकही लाकूड सोडू नकोस."

"एकही नाही?"

"एकही नाही. लाकूड राहिलं की बियर गेली."

दरीतल्या प्रत्येक घरात हेच सांगतात, आणि खरंच सांगतात. त्यातून मला वगळायचं, हे कुणी कुणाला सांगत नाही. ते बघून बघून कळतं. आणि गुरो तेव्हा वासरांकडे असायची.

तिने मला खुंटीवरून काढलं तेव्हा मी आनंदाने खुळखुळले. तिने कोळ्याला हळूच खिडकीबाहेर सोडलं. मग मला उजेडात धरून म्हणाली, "अगं बाई, किती मळलीस."

तिने ब्रश घेतला. केवढ्या मायेने घासलं तिने मला, मित्रांनो. एकेक फट, एकेक खाच. तपकिरी खपल्या मोरीत वाहून गेल्या. मग तिने मला जुनिपरच्या कढत पाण्यात सोडलं आणि वरून झाकण ठेवलं. पाण्याला रानासारखा छान वास होता. मला बोलता आलं असतं तर मी किंचाळले असते. मला फक्त खुळखुळता येतं, आणि उकळत्या पाण्यात सगळंच खुळखुळतं.

दुपारी रस कोमट झाला. तिने मला दोन्ही हातांत धरून पिंपात सोडलं आणि लाजत लाजत ओरडली.

"हे ओरडणं झालं?" आतून मोन्सचा आवाज आला. "मांजर बरं यापेक्षा." आणि तो स्वतः ओरडला. बैलासारखा, पूर्वी ओरडायचा तसा. मग कितीतरी वेळ खोकत राहिला, पण खोकताना हसतही होता.

मी रसात तरंगत होते. माझ्या फटींत कुणीच नव्हतं.

सकाळी गुरोने झाकण उचललं. रस आरशासारखा शांत. तिला तिचाच चेहरा दिसला असेल. तिने मला वर काढलं, बोटाने चाचपलं, आणि त्या पांढऱ्या स्वच्छ लाकडाकडे बघता बघता तिला एकदम उमगलं. ती पिंपाशेजारी जमिनीवर बसून राहिली.

मग तिने मला पिशवीत घातलं आणि ब्रिताचं घर गाठलं.

"ब्रितामावशी, आमच्याकडचं विरजण तुझ्याकडे आहे ना?"

"का गं? तुमच्याकडचं काय झालं?"

"मी धुतलं."

ब्रिताने तोंडावर हात ठेवला. "पोरी, माझ्याकडचं सुनेने टाकलं. फ्रीज साफ करत होती, तिला वाटलं बुरशी आहे. मीही म्हटलं, जाऊ दे, मोन्सकडे आहेच की."

मग ब्रितानेच फोनवर एकेका घराला विचारलं. मी पिशवीतून ऐकत होते. एकाकडचं वाळून भुगा झालेलं, एकाने हल्ली पाकीट बरं पडतं म्हणून सोडून दिलेलं, एकाचे आईवडील गेले तशी ती बरणीही गेलेली. आणि प्रत्येकजण शेवटी तेच विचारत होता. "पण मोन्सकडे असेल ना?"

रस तसाच ठेवला असता तर नासला असता. हाल्वारने खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. गुरोने ते कात्रीने कापलं. त्या वेळी कुणीही ओरडलं नाही.

बियर झाली. गुरोने कपात थोडी घेतली आणि बाबांच्या ओठांना लावली. दुसऱ्या हातात मी होते. मोन्सने आधी वास घेतला. मग घोट घेतला, आणि छताकडे बघत राहिला.

"पाकिटातली," गुरो म्हणाली. "बाबा, मी माळ उकळली."

मोन्सने हात पुढे केला. तिने मला त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्याचा अंगठा माझ्या फटींवरून हळूहळू फिरला.

"एकही लाकूड सोडलं नाहीस तर," तो म्हणाला.

"नाही."

"मीच म्हणालो होतो." त्याने डोळे मिटले. "बियर चांगली झालीये गं. दे अजून एक घोट."

त्याने खरंच घेतला. त्याला ती आवडली नव्हती. मला ते त्याच्या हातावरून कळत होतं.

त्या हिवाळ्याचा बर्फ वितळायच्या आतच मोन्स गेला. निरोपाला सारी दरी जमली. साईची लापशी होती, खारवलेलं मटण होतं, पातळ कडक भाकरी होत्या. सगळ्यांनी मोन्सच्या नावाने पेले उचलले. "छान झालीये, गुरो," सगळे म्हणाले, सगळे एकाच सुरात.

मग आठवणी निघाल्या. कुणी सांगितलं, मी इथून औषधाच्या बाटलीतून विरजण नेलं होतं. दुसरा म्हणाला, मी ओल्या फडक्यात. तिसऱ्याने तर बरणी विसरला म्हणून लोकरीच्या मोज्यातून नेलं होतं, आणि तोच मोजा पायात घालून तो चर्चला गेला होता. ब्रिताने लोणच्याचा किस्सा सांगितला. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग एकेकाने पेला खाली ठेवला. नेल्याची आठवण सगळ्यांना होती. जपून ठेवल्याची कुणालाच नव्हती.

निघताना हाल्वार बहिणीला म्हणाला, "या माळेला पिंपाच्या तळाच्या गाळात घोळव. पुन्हा सुरुवात होईल."

"नको," गुरो म्हणाली. "हे विरजण दुकानात मिळतं."

आता मी स्वयंपाकघरात भिंतीवर असते. कोठारात नाही. गुरो मला नियमाने पुसते. माझ्यावर धूळ नाही, कोळी नाही. येणारा जाणारा म्हणतो, किती सुंदर काम आहे. इतकी काळजी माझी उभ्या आयुष्यात कुणी घेतली नव्हती. माझ्या धुळकट दिवसांत माझ्यात जीव होता. आज मी लख्ख आहे आणि रिकामी आहे.

मित्रांनो, गुरोला बोल लावू नका. मोन्सलाही नको. तुमच्या घरातही असं काही असेल जे हाताने करता करताच पुढे जातं. ते जिथे चालतं त्या खोलीतून कुणाला बाहेर पाठवू नका. आणि तुम्ही कुणाकडून तसं काही नेलं असेल, तर त्यांच्याकडे आहेच असं धरून बसू नका. त्यांच्या दारात जा आणि विचारा, अजून आहे ना? नसेल, तर तुमच्याकडचं द्या. आमच्या दारात असं विचारायला कुणी आलं असतं, तर विरजण त्या खपलीतच असतं हे गुरोला कळलं असतं, आणि माझ्यावर ब्रश चालवायच्या आधी तिने त्याच्यासाठी एक चिमूट खपली नक्कीच काढून ठेवली असती.