न पिणाऱ्याचं यकृत

दीनानाथ साठे लिव्हर सिरॉसिसने गेले हे शनिवार पेठेला सकाळी कळलं, आणि ते पीत असत हे दुपारपर्यंत ठरलंही.

पेठेत निदानाला डॉक्टर लागत नाही. गणिताचे हे मास्तर खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवर अल्कोहोल लिहिलेलं नाही ना, ते वाचून घेत. पण तेराव्याला शेजारच्या सुशीलाबाईंनी दीनानाथांच्या पत्नीचा, मंदाकिनीबाईंचा हात हातात घेऊन आवाज उतरवला. म्हणाल्या, शाळेच्या नोकरीत ताण असतोच हो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मंदाकिनीबाईंना या सांत्वनाचा अर्थ कळायला रात्र जावी लागली.

दोन दिवसांनी ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष माधवराव आले. संघाने दीनानाथांच्या नावे वार्षिक व्याख्यान सुरू करायचं ठरवलं होतं. विषय व्यसनमुक्ती.

"सभेत आपण कुणाचंही नाव घेणार नाही," ते समजूतदारपणे म्हणाले.

"व्याख्यानालाच बाबांचं नाव आहे," स्पृहा म्हणाली.

"ते गौरवार्थ."

स्पृहा दीनानाथांची एकुलती मुलगी. नऊ वर्षं ती प्रयोगशाळेत यकृताच्याच पेशींवर काम करत होती. पहिलं व्याख्यान मी दिलं तर चालेल का, असं तिने विचारलं. माधवरावांचे डोळे पाणावले. लेकीने उभं राहून कबुली द्यायची म्हणजे संघाचं छोटं सभागृह भरणार.

भरलंच. स्पृहाने साधं करून सांगितलं. यकृतात काही पेशी अ जीवनसत्त्व पोटात साठवून निवांत पडलेल्या असतात. यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की त्या जागतात आणि व्रणाचे धागे विणायला लागतात. त्यांना आवरणारे काही इवलेसे आरएनए असतात, जनुकांच्या लिपीतल्या जेमतेम बावीस अक्षरांचे. ते धागे विणायचा निरोप वाटेतच अडवतात. आजारात हेच राखणदार कमी होतात, मग विणकाम थांबत नाही आणि मऊ यकृत खरखरीत, कडक होत जातं.

"पण सुरुवात दारूनेच ना?" माधवरावांनी विषय रुळावर आणला.

"दारूनेही होते. मधुमेहाने आणि यकृतात साठलेल्या चरबीनेही होते. बाबांची तशी झाली. या सभागृहात तीस माणसं आहेत. आठ-दहांच्या यकृतात आत्ता चरबी असेल, आणि त्यांतले काही जण सकाळी पर्वतीही चढून आले असतील."

पहिल्या रांगेतल्या दोघांनी पोटावरचे हात काढले. सुशीलाबाई मात्र डगमगल्या नाहीत.

"एक विचारू? घरात एवढी तज्ज्ञ असताना कळलं कसं नाही?"

मंदाकिनीबाईंनी मान खाली घातली. त्यांना उत्तर माहीत होतं. वेळेवर कळत नाही, एवढं म्हणून स्पृहाला सुटता आलं असतं, पण मग पेठेने बाटली पुन्हा टेबलावर आणली असती. तिने पर्समधून सहा वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट काढला. यकृतात चरबी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"कळलं होतं. बाबांनी हा मला दाखवला. मी परिषदेच्या गडबडीत होते. म्हटलं, अर्ध्या पुण्याला असते, गोड कमी करा." तिने कागद उलटा केला. "मागे त्यांनी पेन्सिलने लिहिलंय. 'स्पृहाला दाखवला. काळजी नाही.'"

 सभागृहात हळूहळू समाधान उतरलं. दारूपेक्षा सरस काही हाती लागलं होतं.

मास्तर बिचारे कसे निर्व्यसनी होते, हे चहाच्या वेळी माधवराव आठवून आठवून सांगत होते. पुढच्या वर्षीचा विषय यकृताचं आरोग्य, हे त्यांनी तिथेच जाहीर केलं. एवढी शिकून बापाकडे बघायला सवड नव्हती, असं सुशीलाबाई जिन्यावर म्हणाल्या. स्पृहाला ऐकू जाईल, इतपतच हळू.

चहा संपेपर्यंत पेठेचं ठरलं, दोष लेकीचा. आयुष्यात एकदा पेठेचं निदान बरोबर आलं होतं, आणि बाबा सुटले होते. स्पृहाने रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आईला हात देऊन जिना उतरली.