कोऱ्या गोळ्या

मी एक कोरी बाटली. निपाणीत डॉ. सरोजिनीबाईंचा होमिओपॅथीचा दवाखाना आहे, तिथल्या लाकडी फडताळात मधल्या कप्प्यात माझी जागा. बोटाएवढी काच, वर बूच, पोटात साबुदाण्याहून बारीक पांढऱ्या गोळ्या. शेजारणींच्या अंगावर लॅटिन नावांच्या चिठ्ठ्या आहेत. माझी चिठ्ठी रिकामी, कारण माझ्या गोळ्यांवर औषधाचा थेंब कधी पडलाच नाही. माझ्यात नुसती साखर.

बेळगावच्या खडेबाजारातल्या घाऊक दुकानातून बाईंनी आम्हाला खोक्यात घालून आणलं, तेव्हा त्या नुकत्याच शिकून आल्या होत्या. गोळ्या भरताना त्या स्वतःशीच बोलत, त्यातून मी त्यांचं शास्त्र शिकले. कांदा चिरताना डोळे आणि नाक वाहतं. मग तशाच वाहत्या सर्दीला कांद्याचाच अर्क द्यायचा, पण अगदी सौम्य करून. निरोगी माणसात जे दुखणं उठवतं, तेच तशा दुखण्याचा उतारा, हा पाया. सौम्य करायचं म्हणजे अर्काचा एक थेंब अल्कोहोलच्या नव्याण्णव थेंबांत मिसळायचा, बाटलीला झटके द्यायचे, त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा तेच. असं करत करत मूळ वस्तू नावालाही उरत नाही. बाईंचे गुरू म्हणत, वस्तू जाते, गुण राहतो.

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले केशव सर एकदा शिंकत आले. बाईंकडून हे सगळं शास्त्र ऐकून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"सरोजिनी, मग या कोऱ्या बाटलीत आणि त्या शेजारच्या बाटलीत फरक काय राहिला?"

"माझा विश्वास आहे, सर," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला पटेल असा पुरावा माझ्याकडे नाही."

सर हसले नाहीत, बाईही चिडल्या नाहीत. मला तर उत्तर ठाऊकच नाही. मी माझ्यापुरतं सांगू शकते.

माझा उपयोग वाट बघण्यापुरता. एका वेळी एकच औषध द्यायचं, कमीत कमी द्यायचं आणि मग थांबायचं, असा बाईंचा नियम. पण माणसाला रिकाम्या हाताने घरी जायला आवडत नाही. पुडी मिळाली नाही की त्याला वाटतं, डॉक्टरनं आपल्याकडे पाहिलंच नाही. अशा वेळी बाई माझं बूच काढत.

अक्काताई तंबाखूच्या वखारीत तंबाखू चाळायला बसायची. नाकाला पदर बांधला तरी धूळ आत जायचीच. खोकला घेऊन ती पहिल्यांदा आली, तेव्हा बाईंनी तिला कितीतरी प्रश्न विचारले. तहान कधी लागते, झोप कोणत्या कुशीवर येते, स्वप्नात काय दिसतं. रोगाला नव्हे, रोग्याला औषध द्यायचं, म्हणून हे विचारायचं. अक्काताईला नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला इतकं कुणी विचारलंच नव्हतं. बोलता बोलता ती रडली आणि त्या दिवसापासून बाई तिला देवासारख्या झाल्या.

औषध दिल्यावर पुढच्या खेपेला बाईंनी तिला माझ्या गोळ्या दिल्या. "पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला या," असं बजावलं. ती आली नाही. बाईंना वाटलं, बरी झाली असेल.

हिवाळा सरता सरता मुलगा नागेंद्र तिला हाताला धरून घेऊन आला. लुगडं अंगावर लोंबत होतं. खोकून तिनं पदर तोंडाला लावला, तर पदराला रक्त लागलं.

"इतके दिवस कुठं होता, अक्काताई?"

"घरातच की बाई. तुमच्या गोळ्या हुत्या न्हवं? पुरवून पुरवून खाल्ल्या. रोज एक. लई गुण हाय तुमच्या हाताला."

माझी नुसती साखर खात अक्काताई तिथं आतून पोखरली जात होती.

"मी किती सांगितलं, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घेऊ," नागेंद्र म्हणाला. "ऐकत न्हाय. तुमच्या गोळ्या असताना तिकडं कशाला, म्हणती. आता तुम्हीच काय ते सांगा."

अक्काताई म्हणाली, "मला न्हाय जायाचं तिकडं. तुम्ही पुडी द्या, मी हितंच बरी हुतो."

बाई उठल्या. फडताळ उघडलं. त्यांची बोटं माझ्यावर येऊन थांबली. मला वाटलं, देतील. कोऱ्या गोळ्या हातावर ठेवून 'ह्या घ्या, पण आधी तपासून या' म्हटलं असतं, तर ती मुकाट्यानं गेली असती. पण बाईंनी मला टेबलावर आणून ठेवलं आणि बूच काढलंच नाही.

"अक्काताई, मागच्या वेळी मी तुम्हाला ह्याच गोळ्या दिल्या होत्या. ह्यात औषध नव्हतं. नुसती साखर होती."

बाहेर बस स्टँडच्या बाजूनं कन्नडमधून कुणीतरी गावांची नावं पुकारत होतं, चिकोडी, चिकोडी.

"साखर?" अक्काताई म्हणाली.

"व्हय. आणि तुम्हाला जे झालंय, त्याचं औषध ह्या फडताळातल्या एकाही बाटलीत नाही."

"मग त्या दिवशी माझं एवढं ऐकून घेतलंसा, त्ये पण खोटंच?"

"ते खरं होतं."

अक्काताई मुलाचा हात झिडकारून एकटीच पायऱ्या उतरली. नागेंद्र मागं धावला. बाईंनी बाकीच्या रोग्यांना घरी पाठवलं, दाराला कुलूप लावलं आणि त्याही गेल्या.

पुढचं मी नागेंद्रच्या तोंडून ऐकलं. बाई तिच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. आत आल्या नाहीत, उठल्याही नाहीत. शेवटी अक्काताईच चप्पल घालून बाहेर आली. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. तिथल्या गोळ्या सुरू झाल्या, तशी मळमळ सुरू झाली, लघवी लाल झाली. तिनं दोनदा औषध सोडलं. दोन्ही वेळा बाई गेल्या आणि ती पुन्हा गोळ्या घेऊ लागेपर्यंत पहिल्या दिवशीसारखेच प्रश्न विचारत बसल्या. हातावर मात्र काही ठेवलं नाही.

अक्काताई वाचली. एक फुप्फुस कायमचं दुबळं झालं, वखार सुटली. नागेंद्र सांगतो, ती आता घरी शेळ्या राखते. आमच्या दवाखान्याची पायरी ती पुन्हा चढली नाही. रस्त्यात भेट झाली की बाईंशी थांबून बोलते, पण 'तुमच्या हाताला गुण' असं म्हणत नाही.

बाई अजून शेजारणींच्या गोळ्या देतात. त्यांचा विश्वास गेलेला नाही. पण थांबायचं असेल तर आता त्या तोंडानं सांगतात, "आज औषध नाही. आठ दिवसांनी या. आला नाहीत तर मी फोन करीन." काही जण नाराज होऊन दुसरीकडे गेले.

माझं बूच मात्र तेव्हापासून उघडलेलं नाही. दमट हवेनं गोळ्या एकमेकींना चिकटल्यात, पिवळ्या पडल्यात. माझी एवढीच विनवणी आहे : कुठलाही डॉक्टर तुम्हाला म्हणाला, "हे माझ्या हातातलं नाही, तिकडं जा," तर त्याचा राग धरा हवा तर, पण तिकडं जा.